न ऐकलेले एकोणीस पक्षी

डब्लिन, ओहायो
रविवार, ८ सप्टेंबर २०२४

प्रिय इला,

फोनच केला असता, पण शेखर दिवसभर घरात असतो आणि हे बोलणं त्याला कळायला नको. म्हणून मेल लिहिते आहे. वाचून झाली की पुसून टाक.

तुझ्या दादाचं काहीतरी बिघडत चाललंय. विचारावं एक, तर उत्तर तिसरंच. काल मंडळाच्या गणपतीला राजेश कुलकर्णीने विचारलं, "शेखरदादा, ह्यूस्टनला मूव्ह होताय म्हणे, नीलकडे?" तर हा म्हणतो, "हो हो, छान झालाय, साखर जरा जास्त पडलीये." राजेशच्या हातात शिऱ्याची वाटी होती, त्यामुळे त्याने हसून वेळ मारून नेली. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं नुसती उभी राहिले.

हल्ली चारचौघांत तो गप्पच असतो. सांगितलेलं लक्षात राहत नाही, वर "तू हे सांगितलंच नव्हतंस" असं मलाच ऐकवतो. आणि एक गोष्ट मी अजून नीललाही सांगितलेली नाही. रोज सकाळी चहा गाळताना, ओट्याशी उभी राहून, मी सहज विचारल्यासारखं विचारते, "आज वार कोणता?" स्मृती तपासताना पेशंटला विचारतात तोच प्रश्न. पाठ त्याच्याकडे ठेवते, आवाजही हळू ठेवते, त्याला परीक्षा घेतल्यासारखं वाटू नये म्हणून, आणि माझा चेहरा दिसू नये म्हणून. दोन महिने झाले, इला. एकदाही उत्तर आलं नाही. तो पेपर वाचत राहतो आणि मी चहा नेऊन ठेवते.

नील म्हणाला, "आई, डोन्ट पॅनिक, बट डोन्ट वेट आयदर." त्याने न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीये, २८ ऑक्टोबरची. तसंच काही निघालं तर गाडी बंद, हे घर बंद, आणि आम्ही ह्यूस्टनला. शेखरला यातलं काही माहीत नाही. तो झांबियाच्या पक्ष्यांचं पुस्तक घेऊन बसलाय. २१ तारखेला निघायचं आहे, सतरा दिवस. रद्द करावं का? की ही शेवटची म्हणून जाऊन यावं? मला काही सुचत नाही.

तुझी,
मृणालिनी


जर्सी सिटी
मंगळवार, १० सप्टेंबर

वहिनी,

मेल पुसली नाही. छापून घेतली आणि हातात पेन घेऊन वाचली. सव्वीस वर्षं बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरलं, ती सवय आता जायची नाही.

आमच्याकडे लोक यायचे आणि म्हणायचे, सिस्टिम बिघडलीये. मी म्हणायचे, बिघडलीये हे तुमचं मत झालं. कधी बिघडली, तेव्हा काय करत होतात, आणि कधी बिघडली नाही, हे तिन्ही लिहून आणा. तिसरं कुणी आणायचं नाही, आणि चूक बहुतेक वेळा तिथेच सापडायची. तुझ्या पत्रातही तिसरं नाही.

तेव्हा रद्द करू नकोस, जा. पक्ष्यांच्या ट्रिपमध्ये रोज यादी करतात असं दादाने मागे लिहिलं होतं. त्या याद्यांचे फोटो पाठव. त्याचं काय बरोबर आलं, काय चुकलं, आणि चुकलं तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं, तेवढं शेजारी खरडून ठेव. पक्ष्यांतलं मला ओ का ठो कळत नाही. माझ्या चौदाव्या मजल्याच्या खिडकीत फक्त कबुतरं येतात आणि मी त्यांना झाडूने हाकलते.

दादाला मी काही बोलणार नाही. तसाही तो दीड वर्ष फोनवर येतच नाही. "पत्रात कसं निवांत बोलता येतं" म्हणतो. म्हातारपणी रसिक झाला म्हणून मी खूश होते. तुझं वाचून मात्र ती पत्रं पुन्हा काढून बसले.

घरात हाडांचा, रक्ताचा आणि हृदयाचा असे तीन डॉक्टर असताना सल्ला मात्र गणितातल्या बी.एस्सी.ला विचारलास, हे मी जपून ठेवणार आहे. काळजी घे. मी आहे.

इला


उत्तर झांबिया
बुधवार, २५ सप्टेंबर

प्रिय इला,

लॉजच्या ऑफिसात नेट आहे, तिथे खुर्ची पकडून बसलो आहे. बाहेर मियोम्बो झाडांचं रान पसरलंय. इथे पावसाआधीच पालवी फुटते आणि ती हिरवी नसतेच, आंब्याच्या कोवळ्या पानांसारखी तांबूस असते. सगळं जंगल तांबूस. मृणाल म्हणाली, "तुझ्या जुन्या शर्टासारखं." हे तिने मला तोंडावर सांगितलं म्हणून कळलं, एरवी ती माझ्याबद्दलचं मत स्वतःपाशीच ठेवते हल्ली.

आम्ही आठ पर्यटक. गाइडचं नाव फिरी, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. चालता चालता थबकतो, एक बोट वर करतो, आणि सगळे माना वर करतात. मीही करतो. जंगल फार शांत आहे गं. आमच्या मागच्या अंगणात निदान शेजाऱ्याचा पानं उडवायचा लीफ ब्लोअर तरी असतो. इथे झाडं हलतात आणि आवाज म्हणून नाही.

संध्याकाळी जेवणाआधी यादीचा कार्यक्रम. फिरी एकेक नाव वाचतो, आणि ज्याने पाहिला तो म्हणतो "सीन", नुसताच ऐकला असेल तर "हर्ड". खूण करायला दोन रकाने. पाहिलेल्यांत मी वर्गात पहिला आहे. काल फिरी एक शिंजीर वाचायला विसरला, तो मी सांगितला, झाडासकट. ऐकलेल्यांचा माझा रकाना मात्र रोडका आहे. लक्ष भरकटतं बहुतेक. शेजारची बाई म्हणते, "यू मस्ट हॅव हर्ड दॅट वन, एव्हरीबडी डिड." पण नाही ऐकला तर नाही ऐकला, खोटी खूण मी करणार नाही.

मृणाल माझ्या यादीचे फोटो काढत असते. पक्ष्यांत तिला एवढा रस कधीपासून, कोण जाणे.

तुझा,
दादा


लुआंग्वा नदीचं खोरं
रविवार, २९ सप्टेंबर

प्रिय इला,

घाईत लिहितेय, चुका सांभाळून घे.

या खोऱ्यात पायी फिरवतात. पुढे बंदूकवाला, मग फिरी, मागे आम्ही एका ओळीत. पहिल्याच दिवशी फिरीने बजावलं होतं, जनावर जवळ असलं की मी ओरडणार नाही, जिभेने बारीक चिक् असा आवाज करीन, तो ऐकला की जागच्या जागी थांबायचं. आज सकाळी तो आवाज झाला आणि आम्ही सगळे दगडासारखे थांबलो. शेखर चालत राहिला. दुर्बीण गळ्यात, नजर डावीकडच्या झाडावर, सावकाश, बागेत फिरावं तसा. झुडपामागे हत्तीण होती, बरोबर पिल्लू. तिने कान पसरलेले मला दिसत होते आणि हाक मारायची सोय नव्हती. फिरीने दोन ढांगांत जाऊन त्याची कॉलर धरली आणि मागे ओढलं. हत्तीण थोडा वेळ बघत राहिली, मग गेली.

शेखर म्हणाला, "काय झालं?" त्याला खरंच काही माहीत नव्हतं. ग्रुपमधले सगळे त्याच्याशी इतक्या हळुवारपणे बोलायला लागले की मला ते सहन होईना. आता त्याला पायी नेणार नाहीत. तो गाडीत बसणार.

याद्यांचे फोटो जोडले आहेत, सहाही दिवसांचे, आणि माझी टिपणं. तू सांगितलंस म्हणून केलं, त्यातून काय निघणार ते मला माहीत नाही. उद्यापासून चार दिवस आतल्या कॅम्पवर, तिथे नेट नाही. परत आल्यावर मी शेखरला सगळं सांगणार आहे, अपॉइंटमेंटचं आणि ह्यूस्टनचं. तोपर्यंत त्याला एका शब्दानेही काही कळू देऊ नकोस. इथे पहाटे पक्षी इतका कलकलाट करतात की कान किटतात, आणि तो शांत झोपलेला असतो. मी त्याच्याकडे बघत बसते.

मृणालिनी


लुआंग्वा
रविवार, २९ सप्टेंबर, दुपार

प्रिय इला,

मृणालने तुला हत्तिणीचं लिहिलं असेलच. तेव्हा ते सोडून उरलेलं लिहितो, आणि हे तिला सांगायचं नाही.

मला सगळं माहीत आहे. ऑगस्टमध्ये आयपॅडवर नीलची मेल उघडीच राहिली होती. २८ ऑक्टोबर, न्यूरॉलॉजिस्ट. तिला वाटतं मी अंधारात आहे, आणि मी तिला तसं वाटू दिलंय. खरं सांगू, मला वाटतं त्या दोघांचं बरोबर आहे. माझ्या आयुष्यातले तुकडेच्या तुकडे गळून पडतात. लोक म्हणतात तुम्हाला सांगितलं होतं, आणि मला ते सांगितल्याचा पत्ता नसतो. आज सात माणसं थांबली आणि मी एकटा चालत राहिलो. शुद्धीवरचा माणूस असं करेल का?

आता गाडीत बसून लिहितोय. समोर नदीच्या उभ्या मातीच्या काठावर लाल वेडे राघू आहेत, शेकड्यांनी, भोकाभोकातून ये-जा करणारे. इतकं सुंदर मी जन्मात पाहिलं नाही. बघताना सारखं वाटतं की हेही जाणार का डोक्यातून? म्हणून मोजत बसलोय. डावीकडच्या भागात एकशे दहा भोकं आहेत.

एक ठरवलंय. घरी पोचल्यावर गाडीच्या किल्ल्या मीच मृणालच्या हातात देणार. तिला त्या मागायला लागू नयेत.

आपल्या आप्पांसारखं माझंही होणार बहुतेक. शेवटी शेवटी ते कसे कुणाला उत्तरच द्यायचे नाहीत, आठवतं?

दादा


जर्सी सिटी
मंगळवार, १ ऑक्टोबर

दादा आणि वहिनी,

हे पत्र दोघांना एकदम पाठवते आहे. दोघांनी शेजारी बसून वाचा. तुम्ही दोघांनीही मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं आणि मी दोघांनाही हो म्हटलं होतं. ते दोन्ही शब्द आज मोडते. दादा, वहिनी तुझ्या स्मरणशक्तीच्या काळजीने आतून खचलीये. वहिनी, दादाला अपॉइंटमेंटचं ऑगस्टपासून माहीत आहे आणि तोही तितकाच खचलाय. झालं सांगून. आता पुढचं नीट वाचा.

दोन दिवस मी त्या याद्या घेऊन बसले होते. दादाने पाहिलेले पक्षी एकशे अडुसष्ट. त्यातला एकही चुकलेला नाही, उलट गाइड विसरलेले तीन याने आठवून दिलेत, एक तर चार दिवसांपूर्वीचा. हा विसरभोळ्या माणसाचा कागद नाही. सगळा घोळ फक्त ऐकलेल्यांच्या रकान्यात आहे. नुसते ऐकलेले पक्षी तेहतीस, त्यातले दादाने तेरा ऐकले आणि वीस नाहीत.

मग मी एकेकाचा आवाज कॉम्प्युटरवर लावून ऐकला, तेहतीसच्या तेहतीस. दादाने ऐकलेले तेरा कोण? धनेश, होले, घुबड, मत्स्यगरुड, असे सगळे घुमणारे, जाड आवाजाचे. न ऐकलेले कोण? चष्मेवाला, छोटा खंड्या, निळी मुनिया, सगळ्यांचा आवाज सुईसारखा बारीक. विसात एकच जाड आवाजाचा निघाला, भारद्वाज, आणि मला रात्रभर तो एक छळत राहिला. मग सकाळी वहिनीचं टिपण दिसलं: "गाडीचं इंजिन चालू होतं." राहिले एकोणीस. एकोणीसही बारीक.

दादा, जिभेचा चिक् हा आवाजही बारीक असतो. तुझं डोकं शाबूत आहे. तुला ऐकू येत नाही.

म्हणून तू फोन सोडलास आणि पत्रं धरलीस. म्हणून तुला ते जंगल शांत वाटलं, तिथे वहिनीचे कान किटत होते. आप्पाही उत्तर द्यायचे नाहीत, आणि आपण सगळे त्यांना तऱ्हेवाईक म्हणत राहिलो. त्यांनाही ऐकू येत नसणार, दादा. त्याचं मला आज फार वाईट वाटतंय.

मी डॉक्टर नाही. कान तपासून घ्या आणि ठरलेली ती दुसरी तपासणीही करा. पण घरात तीन डॉक्टर, आणि थेट मेंदूपर्यंत जाताना वाटेत कान लागतात हे एकालाही आठवू नये? वहिनी, तू मला फोन करायचा टाळत होतीस. अगं, तू त्याच्या शेजारी बसून बोलली असतीस तरी चाललं असतं.

वहिनीने सांगितलेली एक गोष्ट मात्र मी इथे लिहिलेली नाही. ती तिची आहे.

तुमची,
इला


झांबेझीचा काठ
शनिवार, ५ ऑक्टोबर

इला,

काल दुपारी या शेवटच्या लॉजवर पोचलो, नेट आलं, आणि आम्ही दोघांनी तुझं पत्र एका फोनवर डोकं लावून वाचलं. पहिल्या परिच्छेदाला मी तुझ्यावर भयंकर चिडले. हे तुला कळायलाच हवं. त्यानंतर शेवटपर्यंत अक्षरं नीट दिसत नव्हती.

शेखर उठला आणि फिरीला घेऊन आला. फिरीच्या फोनवर सगळ्या पक्ष्यांचे आवाज असतात. शेखरला नदीकडे तोंड करून बसवलं आणि आम्ही मागे उभे राहिलो. घुबड लावलं, त्याने हात वर केला. धनेश, हात वर. मग निळी मुनिया लावली. माझ्या कानाला तो आवाज टोचत होता. शेखर नदीकडे बघत बसला होता, हात मांडीवर. छोटा खंड्या, चष्मेवाला, काहीच नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "लावा ना पुढचा." मी त्याच्या समोर जाऊन सांगितलं, "शेखर, तीन लावून झाले."

तो एवढा मोठ्याने हसला की पलीकडच्या काठावरचे बगळे उठले. म्हणाला, "म्हणजे मला वेड लागलेलं नाही, मी नुसता बहिरा आहे." पुन्हापुन्हा तेच म्हणत होता, येईल त्याला सांगत होता, स्वयंपाक्यालासुद्धा. बहिरं झाल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पाहिला नाही. मग एकदम म्हणाला, "आप्पांना कुणी सांगितलंच नाही गं." मग आम्ही दोघंही रडलो.

फिरीला हत्तिणीच्या दिवसापासून शंका होती. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर तो अगदी संकोचून म्हणाला, "बट मॅडम, यू आर बोथ डॉक्टर्स." त्याला वाटलं आम्हाला ठाऊक असणारच. इला, दोन महिने मी पाठ फिरवून, हळू आवाजात, डोक्यावर एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून त्याची परीक्षा घेत होते. त्याला कळू नये म्हणून इतकी काळजी घेतली की प्रश्नही त्याच्यापर्यंत पोचला नाही. एवढं शिक्षण घेऊन मी ही अक्कल पाजळली. तू ते पत्रात लिहिलं नाहीस, त्याबद्दल तुझे उपकार. मीही त्याला अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

आज सकाळी फिरीने त्याला पुन्हा पायी नेलं. आपल्या पिशवीचा पट्टा त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, पट्टा ओढला की थांबायचं. मी मागून चालत होते. माझा जीव इतक्या दिवसांनी आज भांड्यात पडला.

मृणालिनी


डब्लिन, ओहायो
गुरुवार, १७ ऑक्टोबर

प्रिय इला,

काल कानांत यंत्रं बसली. शेंगदाण्याएवढी आहेत, कुणाला दिसत नाहीत, म्हणून मीच सगळ्यांना दाखवत फिरतो. कानांच्या डॉक्टरीणबाई आलेख बघून म्हणाल्या, हे किमान सात-आठ वर्षांचं दिसतंय. मृणालने मान खाली घातली. मीही घातली.

घरात इतका आवाज असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फ्रिज गुणगुणतो. जिना कुरकुरतो, आणि माझा उजवा गुडघाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांची हाडं बसवली, स्वतःचं काल प्रथम ऐकलं. सर्वांत मोठा शोध म्हणजे मृणाल दिवसभर स्वतःशी पुटपुटत असते आणि त्यात विषय बहुतेक मीच असतो. काल कपाट आवरताना मला काय काय म्हणाली ते ऐकून मी दाराआड थक्क होऊन उभा होतो. मग मी उत्तर दिलं, तर ती दचकली. आता जरा जपून असते.

नीलचा फोन आला होता. "बाबा, आय ॲम सो सॉरी," म्हणाला. फोनवर म्हणाला आणि मला पहिल्याच वेळी ऐकू आलं. ह्यूस्टनचं नाव सध्या कुणी काढत नाही. किल्ल्या माझ्याच खिशात आहेत. २८ तारखेची अपॉइंटमेंट मात्र मी रद्द करू दिली नाही, तू म्हणालीस तशी तीही करून टाकू. मला आता तिची भीती वाटत नाही.

पण एक गोष्ट फक्त तुलाच विचारायची आहे, आणि हे मृणालला सांगू नकोस. यावेळी तरी दिलेला शब्द पाळ.

आज सकाळी ती ओट्याशी चहा गाळत होती, पाठ माझ्याकडे. मी पेपर वाचत होतो. एकदम म्हणाली, "आज वार कोणता?" बोलून गेल्यावर तीच जरा थबकल्यासारखी वाटली. मी म्हटलं, "गुरुवार." एवढंच. तर तिच्या हातातली गाळणी सिंकमध्ये पडली. मी घाबरून उठलो. तिने माझ्या शर्टात तोंड खुपसलं आणि किती वेळ रडली, मग हसली, मग म्हणाली, परत सांग. मी परत सांगितलं. तीनदा सांगितलं, गं. चहा पार गार झाला.

इला, आपल्या वयात वार विसरणं हे काही चांगलं लक्षण नव्हे. मी म्हणतो, २८ तारखेला तिलाही बरोबर घेऊन जावं, एका फेरीत दोघांचं होऊन जाईल. तुला काय वाटतं?

तुझा,
दादा